बंद्यांची कुटुंबे व पुनर्वसन (भारत)

कारावासाची शिक्षा कायद्याने एका व्यक्तीस होते. तिचे परिणाम मात्र त्या व्यक्तीच्या कुटुंबावर आणि वस्तीवरही होतात. भारतात हे परिणाम बहुधा दोषसिद्धीपूर्वीच सुरू होतात. ३१ डिसेंबर २०२२ रोजी देशातील ५,७३,२२० बंद्यांपैकी ४,३४,३०२, म्हणजे सुमारे ७६ टक्के, न्यायाधीन बंदी (कच्चे कैदी) होते.

कुटुंबावरील परिणाम
मिळवती व्यक्ती तुरुंगात गेल्यावर घराचे उत्पन्न थांबते, तर वकील, जामीन आणि भेटीसाठीचा प्रवास यांचा खर्च वाढतो. जामीन मंजूर होऊनही जामीनदार न मिळाल्यास गरीब आरोपीची सुटका होत नाही. 'मोती राम विरुद्ध मध्य प्रदेश राज्य' (१९७८) या प्रकरणात एका गवंड्याकडे १०,००० रुपयांचा जामीन मागण्यात आला आणि मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात असल्याने त्याच्या भावाचा जामीन नाकारण्यात आला. सर्वोच्च न्यायालयाने त्यास १,००० रुपयांच्या जातमुचलक्यावर सोडण्याचा आदेश दिला.

मुले
सर्वोच्च न्यायालयाच्या २००६ मधील निर्देशांनुसार सहा वर्षांपर्यंतचे मूल बंदी मातेजवळ राहू शकते. तुरुंगात जन्मलेल्या मुलाच्या जन्मनोंदीत जन्मस्थान म्हणून तुरुंगाचा उल्लेख करता येत नाही. सहा वर्षांनंतर मुलास नातेवाइकांकडे किंवा बालगृहात जावे लागते. महाराष्ट्रातील कारागृहांत बंदी व त्यांची मुले यांच्यासाठी 'गळाभेट' उपक्रम राबविला जातो.

सुटका आणि समाज
कौटुंबिक संबंध टिकावेत, हा संचित रजा (फर्लो) व अभिवचन रजा (पॅरोल) यांचा एक हेतू आहे. महाराष्ट्रात त्यासाठी १९५९ चे नियम आहेत. सुटकेनंतर पोलिसांकडील चारित्र्य पडताळणी नोकरीच्या आड येते. काही समाजांत हा कलंक व्यक्तीपुरता राहत नाही. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने संपूर्ण जमातींना जन्मतः गुन्हेगार ठरविले. हा कायदा १९५२ मध्ये रद्द झाला, तरी पारध्यांसारख्या विमुक्त व भटक्या समाजांच्या वस्त्यांवरील संशय पुरता ओसरलेला नाही.

स्वतंत्रपूर
औंध संस्थानाने १९३९ मध्ये आटपाडीजवळ (आता सांगली जिल्हा) स्वतंत्रपूर ही खुली वसाहत स्थापन केली. येथे बंदी शेती करून आपल्या कुटुंबासह राहतात. त्यामुळे शिक्षा भोगत असतानाही घर मोडत नाही. व्ही. शांताराम यांचा 'दो आँखें बारह हाथ' (१९५७) हा चित्रपट याच प्रयोगावरून प्रेरित आहे.