बालकल्याण आणि कुटुंब सेवेत करिअर: महाळुंग्यातून तयारी

समाजसेवा म्हणजे फुकटचं काम, असं आपल्याकडे अजूनही समजतात. तसं नाही. २०१५ च्या बाल न्याय कायद्यानुसार जिल्हा बाल संरक्षण कक्ष आणि बालगृहांत पगारी पदं असतात. मात्र बरीचशी कंत्राटी, हे आधीच लक्षात घ्या. कौटुंबिक न्यायालयात विवाह समुपदेशक लागतात. पोटगी, मुलांचा ताबा, हे आपल्या घरांतले वादही तिथेच जातात. समोरच्या समुपदेशकाला निकाह-मेहर माहीत असेल, तर बाई मोकळेपणानं बोलते.

यासाठी एमएसडब्ल्यू उपयोगी पडतं. दोन वर्षांचा अभ्यासक्रम, पदवी कुठल्याही शाखेची चालते. महाळुंग्याहून १९६३ पासूनची कर्वे समाज सेवा संस्था रोज ये-जा करण्याइतकी जवळ आहे. मुंबईत १९३६ पासूनची टाटा सामाजिक विज्ञान संस्था.

खरी परीक्षा क्षेत्रकार्याची: वस्त्या, बालगृहं, कधी पोलीस ठाणं. पालक इथेच अडतात. मुलीला अडवण्याआधी एकदा तिच्यासोबत जाऊन बघा. बारावीपासूनच अंगणवाडीत किंवा बांधकाम मजुरांच्या मुलांना शिकवायला जा, मराठीत नोंदी लिहायची सवय लावा. मूल संकटात दिसलं तर १०९८ वर फोन करा. त्याचा फोटो स्टेटसला टाकू नका. ओळख उघड करणं गुन्हा आहे.