देवाचा धूप : काल आणि आज

आपल्या ग्रामदैवताच्या मंदिराचा जीर्णोद्धार सर्वांच्या हातभाराने पूर्ण झाला, ही आनंदाची गोष्ट आहे. मंदिराचा इतिहास या स्मरणिकेत इतर लेखकांनी दिलाच आहे. परंतु देवापुढे रोज जळणाऱ्या धूपालाही इतिहास आहे. तो थोडक्यात येथे मांडीत आहे.

गंध, पुष्प, धूप, दीप व नैवेद्य हे पूजेचे पाच उपचार. त्यांपैकी धूपासाठी पूर्वी जमीन तोडून दिलेली असे. महसूल खात्याच्या नोकरीत जुने मुंतखब पाहण्यात येतात. मुंतखब म्हणजे निजामी अमलात इनामाचा हक्क मान्य केल्याचा उर्दू कागद. देवस्थानांची पुष्कळ इनामे 'मश्रूत-उल-खिदमत', म्हणजे सेवेच्या अटीवर दिलेली असत. पीक खावे, पण देवाचा धूपदीप चुकवू नये, असा त्याचा सरळ अर्थ. दर्ग्यांच्या इनामांत हीच गोष्ट 'ऊद-ओ-गुल', म्हणजे ऊद व फुले, या नावाने येते. सरकार निजामाचे असो वा त्याआधीचे, देवापुढचा सुगंध ही गावाची जबाबदारी मानली जात होती.

ऊद हा शब्द अरबी, अगरु संस्कृत. दोन्ही नावे आसामकडील एकाच सुगंधी लाकडाची. त्यावरूनच उदबत्ती आणि अगरबत्ती ही नावे पडली. ते लाकूड इतके महाग आहे की आजच्या साध्या काडीत त्याचा अंशही नसतो.

आपल्या भाषेतही या विद्येवर लिहिले गेले आहे. पुण्याच्या भांडारकर संस्थेचे क्यूरेटर कै. परशुराम कृष्ण गोडे यांनी 'गंधवाद' नावाच्या जुन्या ग्रंथाची पोथी अभ्यासकांपुढे आणली. त्या ग्रंथावर मराठी टीका आहे. तेव्हा सुगंधी द्रव्ये मिसळण्याचे शास्त्र मराठी माणूस मराठीतून शिकत होता, यात शंका नाही.

१७ सप्टेंबर १९४८ रोजी हैदराबाद संस्थान मुक्त झाले. त्याच साली श्री. एन. रंगाराव यांनी मैसूरला अगरबत्तीचा व्यवसाय सुरू केला व तो पुढे देशभर पसरला. मैसूर-बंगळूरचा माल नांदेड-लातूरच्या बाजारात सहज मिळू लागला आणि घरचा धूप मागे पडला. बाजारात दोन तऱ्हा असतात. एकीत काडीवर कोळसा व भुशाचा लेप देऊन ती सुगंधी तेलात बुडवितात. दुसरी मसाल्याची; तिच्यात सुगंधी मुळ्या, लाकूड व डिंक कुटून मळलेले असतात. पहिली स्वस्त पडते, म्हणून बहुतेक तीच घरोघर जळते.

आपल्याकडे बांबू जाळू नये, वंशाला बाधा येते, अशी समजूत आहे. म्हणून काही घरांत देवापुढे काडीची उदबत्ती लावीत नाहीत. येथे चरकसंहितेतील एक कृती आठवते. सूत्रस्थानाच्या पाचव्या अध्यायात औषधी धूर घेण्यासाठी वाती करण्यास सांगितले आहे. वाटलेली द्रव्ये बोरूसारख्या काडीवर लिंपावीत आणि वाळल्यावर आतली काडी काढून घ्यावी. ती वात पूजेची नव्हे हे खरे. पण त्या द्रव्यांत शल्लकी, मुस्ता, उशीर, चंदन, सर्जरस ही नावे आहेत. शल्लकी म्हणजे सालई. ती किनवट-माहूरच्या जंगलात आहे. मुस्ता म्हणजे मोथा. ज्या लव्हाळ्याला आपण शेतात शिव्या देतो, त्याच्याच या सुवासिक गाठी. उशीर म्हणजे वाळा, सर्जरस म्हणजे राळ. शिवारातले तण देवाच्या कामी येते, हे किती जणांना ठाऊक आहे?

या आधारे आमच्या घरी बिनकाडीचा धूप करून पाहिला. वजनाने मोथा ४ भाग, चंदनाचा भुसा ४, वाळा २, कपूरकाचरी २, सालईचा डिंक किंवा राळ २ आणि मैदा लकडीची पूड ४ भाग. मैदा लकडी चिकटपणासाठी लागते. डिंक उन्हात चिकट होतो, म्हणून तो पहाटे थोड्या कोरड्या पुडीबरोबर कुटावा. सर्व वस्त्रगाळ करून पाण्यात कणकेसारखे घट्ट मळावे, पेन्सिलीहून बारीक वळ्या कराव्यात आणि आठ दिवस सावलीत वाळवाव्यात. उन्हात त्यांना चिरा पडतात. वळी विझत असेल तर डिंक कमी करावा. गुग्गुळ मुद्दाम घातला नाही. त्याची झाडे आता फार दुर्मीळ झाली आहेत. या धूपाचा वास बाजारच्या काडीसारखा भपकन येत नाही. तो हळू येतो आणि पूजा आटोपल्यावरही काही वेळ राहतो. गाभारा लहान असल्याने एका वेळी एकच वळी लावावी. धूर कमी होईल व नव्या रंगावर काजळीही कमी बसेल.

इनामांचे दिवस गेले.  म्हणूनच ही सेवा कोणी एकट्या गुरवाने आपल्या खर्चाने करावी असे म्हणणे योग्य होणार नाही. नवरात्रात घरटी एक दिवस धूपाचा वार वाटून घ्यावा आणि ज्याचा वार असेल त्याने वळ्या घरी करून आणाव्यात, अशी माझी मंदिर समितीस व ग्रामस्थांस नम्र सूचना आहे. मंदिर सर्वांनी बांधले, तसा धूपही सर्वांच्या घरचा असावा, एवढीच श्रीचरणी प्रार्थना.