पान्याचे कुळ

स्थळाचे कुळ आपण सात पिढ्या मागे जाऊन तपासतो. स्क्रू पाना मात्र फुटपाथवरून, चकाकतो एवढ्यावर उचलतो. वास्तविक पान्याचे मूळ शोधायला स्वीडनपर्यंत गेले की पुरे! तिथल्या योहान्सन नावाच्या गृहस्थांनी, दर नटाला वेगळा पाना वाहून वाहून कंटाळल्यावर, 1892 साली जबडा सरकणाऱ्या पान्याचे पेटंट घेतले. तो पुढे ‘बाको’ या नावाने जगभर गेला. 1969 साली टपारियावाल्यांनी स्वीडनच्याच एका कंपनीशी सोयरीक जमवून आपल्याकडे हत्यारे घडवायला घेतली. त्यांचा नाशिकचा कारखाना तर प्रसिद्धच आहे.

तापल्या पोलादावर घण घालून घडवलेला पाना आणि हलक्या लोखंडाचा पाना काउंटरवर सख्खे भाऊ दिसतात. खरे नाते कळते गंजलेल्या नटावर. हलक्याचा जबडा ताणासरशी फाकतो आणि नटाचे सहाही कोपरे गोल करून ठेवतो. मग प्लंबर आला, छिन्नी आली, बिल आले! आमच्या बँकेत याला बुडीत खाते म्हणतात: मुद्दल चिमूटभर, वसुलीचा खर्च पोतेभर.

म्हणून घेताना जबडा निम्मा उघडून हलवून बघावा. खडखडला की खाली ठेवावा. दुकानदार रागावतो, रागावू दे. चांगल्या पान्यात खोट एकच, तो शेजाऱ्यांनाही चांगला वाटतो. आमचा नाशिककर वीस वर्षे टिकलाय. त्यांतली बारा शेजारच्या काकांकडे.