झिप् पद्धती आणि प्रणालींचे देशाचार

एका कार्यप्रणालीवरील फाइल आवळून दुसरीवर नेण्याचा इतिहास सामान्यतः संक्षेपाच्या गणिताचा इतिहास म्हणून सांगितला जातो. लेम्पेल व झिव्ह यांचे १९७७ व १९७८ मधील निबंध आणि टेरी वेल्च यांचा १९८४ मधील लेख हे त्यातील ठरलेले टप्पे होत. हे खरे असले, तरी अपुरे आहे. यंत्र कोणते, याची गणिताला फिकीर नसते. फाइलीचे नाव, तिची वेळ, ओळ संपल्याची खूण हे मात्र ज्या त्या प्रणालीचे देशाचार असतात, आणि खरी अडचण तेथेच होती.

युनिक्सच्या सातव्या आवृत्तीबरोबर १९७९ मध्ये आलेला 'टार' हा प्रोग्रॅम संक्षेप करीत नसे. तो अनेक फाइलींचा एक गठ्ठा बांधी. तथापि गठ्ठ्यातील प्रत्येक फाइलीचा आकार व वेळ तो अष्टमान अंकांत, अक्षररूपाने लिही. निरनिराळ्या यंत्रांत बाइटांचा क्रम उलटसुलट असला, तरी अक्षरे सर्वत्र सारखीच वाचली जातात. या साध्या दूरदृष्टीचे श्रेय तिला क्वचितच मिळाले आहे.

डॉसच्या जगात १९८५ मधील 'आर्क' रूढ झाला होता. त्याच्याशी सुसंगत व अधिक वेगवान प्रोग्रॅम लिहिणारे फिल कॅट्झ यांच्यावर आर्कच्या मालक कंपनीने १९८८ मध्ये खटला भरला. तडजोड झाली, आणि कॅट्झ यांनी १९८९ मध्ये 'झिप्' ही नवी पद्धती काढून तिची रचना सर्वांसाठी प्रसिद्ध केली. निर्णायक ठरले ते हेच प्रकाशन. १९९० पासून 'इन्फो-झिप्' या स्वयंसेवकांच्या गटाने ती रचना वाचून युनिक्स, व्हीएमएस इत्यादी प्रणालींसाठी प्रोग्रॅम लिहिले. युनिक्सवरील 'कॉम्प्रेस'च्या मागे वेल्च यांच्या रीतीचे पेटंट होते. त्याऐवजी १९९२ मध्ये अवतरलेल्या 'जीझिप्'नेही कॅट्झ यांचीच 'डिफ्लेट' रीत स्वीकारली. १९९६ मध्ये ती आरएफसी १९५१ या दस्तऐवजात नोंदली गेली.

असे असूनही झिप्‌च्या अंगावर डॉसचे वळ राहिलेच. तिची मूळ वेळनोंद १९८० पासून सुरू होते, सेकंद दोनदोनच्या टप्प्याने मोजते आणि कालविभाग सांगतच नाही. त्यामुळे मुंबईत पाच वाजता लिहिलेली फाइल लंडनमध्येही पाचचीच ठरे. पुढे जोड-रकान्यांनी ही उणीव भरून काढली. ओळीच्या शेवटी डॉस दोन चिन्हे लिही, युनिक्स एक, जुना मॅकिन्टॉश दुसरेच एक. हे रूपांतर करू पाहणारा प्रोग्रॅम एखाद्या चित्राला मजकूर समजला, की ते चित्र बिघडलेच.

नावांचा प्रश्न सर्वांत चिवट ठरला. मूळ नियमानुसार नावे आयबीएमच्या ४३७ क्रमांकाच्या संकेतसंचात लिहावयाची. त्यात देवनागरीचे एकही अक्षर नव्हते. नाव यूटीएफ-८ मध्ये आहे, असे सांगणारी ११ क्रमांकाची खूण २००६ मध्ये रचनेत आली. ज्या गठ्ठ्यांत ती खूण नाही, त्यांतील मराठी नावे उघडणाऱ्या प्रणालीच्या तर्कावर अवलंबून राहतात; आतील मजकूर अक्षरशः अबाधित असतो, आणि बाहेरचे नाव मात्र वाचता येत नाही.