मैदानावरील मद्यबंदी आणि ब्रिटनमधील फुटबॉलप्रेक्षक

फुटबॉल आणि मद्य यांच्या संबंधाची चर्चा बहुधा पोलिसांच्या अथवा व्यापाऱ्यांच्या दृष्टीने झालेली आढळते. पोलिसांच्या लेखी मद्य हे दंगलीचे मूळ. व्यापाऱ्यांच्या लेखी ते उत्पन्नाचे साधन. ज्याच्या हातातील पेल्याविषयी हा सारा वाद, तो प्रेक्षक मात्र या चर्चेत अबोलच राहतो. मद्यरहित मैदानाविषयी त्याचे मत पाहू गेल्यास असे दिसते की, त्याचा आक्षेप पेयापेक्षा त्या पेयामागील अविश्वासावर अधिक आहे. या अविश्वासाला इतिहास आहे, आणि तोच प्रस्तुत टिपणाचा विषय होय.

ब्रिटिश फुटबॉलच्या जन्मकाळी चर्च आणि दारूभट्टी या दोन्ही संस्था त्याच्या पाळण्याशी उभ्या होत्या. लिव्हरपूलमधील सेंट डोमिंगो या मेथॉडिस्ट प्रार्थनामंदिराच्या तरुणांनी १८७८ साली एक संघ काढला. पुढच्याच वर्षी त्याचे नाव एव्हर्टन झाले. या संघास १८८४ मध्ये ॲनफील्डचे मैदान मिळवून दिले ते जॉन हौल्डिंग या मद्यउत्पादकाने. खेळाडू कपडे बदलीत तेही त्याच्याच सँडन हॉटेलात. १८९२ मध्ये संघ दुभंगला, त्याचे उघड कारण मैदानाच्या भाड्याचे होते. तथापि हौल्डिंगच्या विरोधकांत मद्यनिषेधाचे पुरस्कर्ते बरेच होते, आणि त्यांचा पुढारी जॉर्ज मॅहन हा त्याच प्रार्थनामंदिरातील ऑर्गनवादक होता, ही गोष्ट अर्थपूर्ण आहे. विरोधक एव्हर्टनचे नाव घेऊन निघून गेले, आणि रिकाम्या मैदानावर हौल्डिंगने लिव्हरपूल क्लब उभा केला.

कायद्याने बंदी घालण्याचा पहिला मोठा प्रयोग स्कॉटलंडमध्ये झाला. १० मे १९८० रोजी हॅम्पडन पार्कवर सेल्टिकने रेंजर्सचा १–० असा पराभव केल्यावर दोन्ही बाजूंचे प्रेक्षक मैदानात घुसले व घोडेस्वार पोलीस बोलवावे लागले. बंदीचा उगम या दंगलीत आहे, असे सरसकट सांगितले जाते. ते अपुरे आहे. फ्रँक मॅकेल्होन यांच्या अध्यक्षतेखालील समितीने १९७७ मध्येच तशी शिफारस केली होती. दंगलीने तिला लोकमताचे बळ दिले, एवढेच. १९८० च्या कायद्याने मैदानात मद्य नेणे, तसेच सामन्यास जाणाऱ्या बसगाड्यांतून ते बाळगणे हा गुन्हा ठरला. त्यानंतर मैदाने पुष्कळ शांत झाली, हे मान्य केले पाहिजे. परंतु त्याच स्कॉटलंडचे राष्ट्रीय संघासोबत परदेशी जाणारे प्रेक्षक भरपूर मद्य घेऊनही स्नेहशील वागणुकीबद्दल नावाजले गेले. रिचर्ड जुलियानॉटी या समाजशास्त्रज्ञाने त्यांचा अभ्यास केला आहे. मद्य आणि हिंसा यांचा संबंध समजतो तितका सरळ नाही, इतके तरी त्यांच्या उदाहरणावरून म्हणता येईल.

इंग्लंडमध्ये असा कायदा १९८५ साली आला. मार्चमधील ल्यूटनची दंगल आणि मेमधील ब्रुसेल्सच्या हायसेल मैदानावरील मृत्यू यांची पार्श्वभूमी त्याला होती. या कायद्याचे वैशिष्ट्य असे की, मद्याची विक्री सर्वस्वी बंद झाली नाही. खेळपट्टी जेथून दिसते तेथे मद्य बाळगण्यास बंदी झाली. परिणामी प्रेक्षक आसनांमागील मार्गिकेत उभा राहून, मध्यंतराच्या पंधरा मिनिटांत, घाईने पेला रिकामा करू लागला. १९८६ मध्ये खाजगी कक्षांतील धनिक प्रेक्षकांसाठी बंदीची मुदत कमी करण्यात आली. रग्बीला हा कायदा लागूच नव्हता. ०.५ टक्क्यांहून अधिक मद्यांश नसलेले पेय कायद्याच्या व्याख्येत बसत नाही, म्हणून मद्यरहित बिअर आसनावर बसून पिता येते. त्याच दशकात फुटबॉल-व्यवस्थापक लॉरी मॅकमेनेमी ‘बार्बिकन’ या मद्यरहित बिअरच्या जाहिरातीत झळकले. फुटबॉलच्या एका लोकप्रिय मुखाने संयमाचे पेय विकावे, हे त्या काळाचेच द्योतक म्हणावयास हवे.

यानंतर जे घडले त्यावाचून प्रेक्षकांची संवेदनशीलता कळणार नाही. १५ एप्रिल १९८९ रोजी शेफील्डच्या हिल्सबरो मैदानावर लिव्हरपूलचे समर्थक चेंगरले गेले. मृतांची संख्या अखेर ९७ झाली. दोष पोलिसांच्या नियंत्रणाचा असता समर्थक मद्यधुंद होते असा प्रवाद पसरविण्यात आला. न्यायमूर्ती टेलर यांनी त्याच वर्षी ऑगस्टमध्ये पोलिसांच्या नियंत्रणातील अपयश हेच मुख्य कारण ठरविले. तरी प्रवाद टिकून राहिला. मृतांच्या, त्यांतील लहान मुलांच्याही, रक्तातील मद्याची तपासणी करण्यात आली होती, आणि ज्यांच्या रक्तात मद्यांश आढळला त्यांच्या नावावर पूर्वीचे गुन्हे आहेत काय याचाही शोध घेतला गेला होता, हे स्वतंत्र समितीच्या २०१२ च्या अहवालाने उघड केले. २०१६ मध्ये ज्यूरीने हे मृत्यू बेकायदेशीर मनुष्यवधाने झाल्याचे व समर्थकांचे वर्तन त्यास कारणीभूत नसल्याचे ठरविले. मुलाच्या प्रेतातून काढलेल्या त्या रक्ताच्या नमुन्याची आठवण असलेल्या समाजात ‘प्रेक्षक आणि मद्य’ हे शब्द एकत्र उच्चारले की ते आरोपासारखेच ऐकू येतात.

२०२२ च्या कतारमधील विश्वचषकात हेच प्रत्ययास आले. स्पर्धेस दोन दिवस उरले असता, १८ नोव्हेंबर रोजी, मैदानांवरील बिअरविक्री रद्द झाली. मद्यरहित बिअर तेवढी ३० रियालला मिळू लागली. महागड्या अतिथिकक्षांत मद्य चालूच राहिले. इंग्लंडमधील समर्थक-संघटनेने काढलेले निवेदन मननीय आहे: कोणास बिअर आवडते, कोणास नाही, खरा प्रश्न आयत्या वेळी फिरविलेल्या शब्दाचा व समर्थकांस काहीच न कळविण्याचा आहे, असा त्याचा आशय होता. उलटपक्षी, मद्यरहित मैदानांवर आपणांस अधिक निर्धास्त वाटले असे इंग्लंडमधून गेलेल्या काही स्त्री-प्रेक्षकांनी सांगितले. हे मतही तितकेच प्रेक्षकांचे आहे. ‘समर्थकांचे मत’ म्हणून एकच मत गृहीत धरणाऱ्यांनी ते विसरू नये.

ट्रेसी क्राउच यांच्या २०२१ च्या अहवालाने इंग्लंडच्या खालच्या श्रेणींत आसनांवर मद्य नेऊ देण्याचा प्रयोग सुचविला होता. पुरुषांच्या सामन्यांबाबत सरकारने तेव्हा तो स्वीकारला नाही. स्त्रियांच्या दुसऱ्या श्रेणीतील चार क्लबांनी मात्र २०२५ मध्ये तो करून पाहिला. ब्रिस्टॉल सिटी त्यांपैकी एक. या क्लबच्या ॲश्टन गेट मैदानावर रग्बीचेही सामने होतात. त्यामुळे तेथील एकाच आसनावर रग्बीचा व स्त्रियांच्या सामन्याचा प्रेक्षक बिअरचा पेला हाती घेऊन बसला, आणि पुरुषांच्या सामन्यास आलेल्या प्रेक्षकाने तोच पेला हाती धरला असता तर तो गुन्हा ठरला असता.