फ्रायनीचे मेलबर्न
केरी ग्रीनवूड या ऑस्ट्रेलियन लेखिकेने 1989 साली जिला जन्म दिला, ती रक्तवर्णी हिस्पानो-सुइझा मोटार स्वतः हाकणारी, उंची वस्त्रांची शौकीन गुप्तहेर फ्रायनी फिशर 1928 च्या मेलबर्नमध्ये वावरते. परंतु ते नगर केवळ नृत्यगृहांचे व मद्यचषकांचे नव्हते, हे त्याच वर्षीच्या गोदी-संपाचा अभ्यास केलेल्या या वकील लेखिकेला पुरते ठाऊक होते. पाचच वर्षांपूर्वी, घोड्यांच्या सुप्रसिद्ध शर्यतीच्या ऐन तोंडावर, तेथील पोलीस शिपायांनी संप पुकारला, भर पेठेत दुकाने लुटली गेली, आणि सरकारने सहाशेंहून अधिक शिपाई बडतर्फ केले ते कायमचेच. पुढे 1928 च्या नोव्हेंबरात पोर्ट मेलबर्नच्या धक्क्यावर पोलिसांनी गोळीबार केला, तेव्हा गॅलिपोलीच्या रणातून जिवंत परतलेला ॲलन व्हिटेकर हा गोदी-कामगार जायबंदी होऊन अखेर मरण पावला. युद्धोत्तर समृद्धीच्या झगमगाटाआडची ही दाहकता रहस्यकथेच्या वाचकास सहसा जाणवत नाही, आणि त्याचा दोष त्याला तरी का द्यावा?

त्याच नगरात, कादंबरीबाहेर, मॅज कॉनर नावाची एक स्त्री 1917 पासून पोलीस खात्याच्या चाकरीत होती. अटकेचा अखत्यार मात्र तिला 1924 साली, शपथविधीनंतरच मिळाला. मनोरंजनात फ्रायनी सरस खरी, पण धैर्याच्या हिशेबात कॉनरबाईंचे पारडे मला निःसंशय जड वाटते.