कळंबोली नेमकी कुठे आहे? एका रेषेचा आणि तीन मोजण्यांचा इतिहास

१/ कळंबोली आणि जुने पनवेल शहर यांच्यामधून १९ अंश उत्तर अक्षांशाची रेषा जाते. कळंबोली तिच्या किंचित उत्तरेस, पनवेल किंचित दक्षिणेस. मात्र भारतीय सर्वेक्षण विभागाच्या जुन्या नकाशावरील ही रेषा आणि मोबाइलमधील ही रेषा जमिनीवर एकाच ठिकाणी पडत नाहीत. दोहोंत सुमारे शंभर मीटरांचे अंतर आहे.

२/ हा कोणाच्या चुकीचा परिणाम नव्हे. अक्षांश-रेखांश जमिनीवर कोरलेले नसतात. पृथ्वीचा एक आकार गृहीत धरून ते काढले जातात. तो आकार आणि त्याची जागा ठरल्यावरच आकड्यांना अर्थ येतो. या ठरावाला संदर्भप्रणाली म्हणतात. कळंबोलीची जमीन आजवर तीन निरनिराळ्या ठरावांनी मोजली गेली आहे.

३/ पहिला ठराव गावाचा. मुंबई इलाख्यात १८३० च्या दशकात गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी इंदापूर तालुक्यातून नव्या महसुली मोजणीचा पाया घातला. साधने साधी होती : शंकू आणि ३३ फुटांची साखळी. एक साखळी लांब व एक साखळी रुंद जमीन म्हणजे एक गुंठा, आणि ४० गुंठ्यांचा एक एकर.

४/ या मोजणीत अक्षांशही नव्हते आणि रेखांशही नव्हते. शेताची जागा सर्व्हे नंबर, हद्दीचे दगड, बांध आणि शेजारचे शेत यांवरून ठरे. भूकरमापकाच्या टिपणात एका दगडापासून दुसऱ्या दगडापर्यंतची अंतरे असत. म्हणजे शेताचा पत्ता शेजाऱ्यावर अवलंबून होता. आजही सातबाऱ्यावर जमिनीची ओळख गाव आणि सर्व्हे किंवा गट क्रमांकानेच होते.

५/ दुसरा ठराव साम्राज्याचा. १८०२ मध्ये विल्यम लॅम्टन याने मद्रासजवळ पायारेषा मोजून त्रिकोणमितीय सर्वेक्षण आरंभले. एक बाजू साखळीने मोजायची, उरलेले कोन थिओडोलाइटने पाहायचे आणि त्रिकोणामागून त्रिकोण जोडत उत्तरेकडे जायचे, अशी ही रीत. १८२३ मध्ये याच कामावर असताना लॅम्टनचा आजच्या वर्धा जिल्ह्यातील हिंगणघाट येथे मृत्यू झाला.

६/ त्याच्यानंतर हे काम जॉर्ज एव्हरेस्टकडे आले. १८३० मध्ये त्याने पृथ्वीच्या आकाराचे जे माप मांडले, ते ‘एव्हरेस्ट लंबगोल’ म्हणून प्रसिद्ध झाले. भारताच्या मोजणीचा आरंभबिंदू मध्य प्रदेशातील सिरोंजजवळचे कल्याणपूर हा ठरला. कळंबोलीचे जुने अक्षांश-रेखांश अखेर त्या दूरच्या गावाशी बांधलेले आहेत.

७/ पुढे या पायावर देशभराचे नकाशे छापले गेले. त्यांच्या क्रमांकपद्धतीत १९ अंशाची रेषा ही कागदाची कडाच आहे. म्हणून कळंबोली ‘४७ ई/४’ या पत्रकावर येते, तर जुने पनवेल ‘४७ एफ/१’ वर. दोन्ही वसाहती एकमेकींना चिकटल्या. नकाशावर मात्र त्या दोन कागदांवर राहिल्या.

८/ तिसरा ठराव उपग्रहांचा. अमेरिकेच्या संरक्षण खात्याने तयार केलेली ‘डब्ल्यूजीएस ८४’ ही प्रणाली पृथ्वीच्या वस्तुमानकेंद्रापासून मोजते. एव्हरेस्टची विषुववृत्तीय त्रिज्या तिच्याहून सुमारे ८६० मीटरांनी लहान आहे आणि त्याच्या लंबगोलाचे केंद्रही शेकडो मीटर बाजूला पडते. तो लंबगोल भारताच्या भूमीला जुळावा अशा बेताने बसवला होता, साऱ्या पृथ्वीला नव्हे.

९/ पहिल्या भागात आलेले शंभर मीटर येथून उद्भवतात. त्या दोन रेषांच्या मधल्या पट्ट्यात उभा असलेला माणूस एका प्रणालीनुसार १९ अंशाच्या दक्षिणेस असतो आणि दुसरीनुसार उत्तरेस. दोन्ही उत्तरे आपापल्या ठरावात अचूक असतात.

१०/ हा प्रश्न केवळ भूगोलाच्या तासापुरता नाही. १७ मार्च १९७० रोजी सिडकोची स्थापना झाली आणि नवी मुंबईसाठी ९५ गावांच्या जमिनी घेण्याचे ठरले. कळंबोली त्या पट्ट्यातलीच. संपादन झाले ते सर्व्हे नंबरांचे आणि गुंठ्यांचे, म्हणजे साखळीच्या हिशेबाचे. त्यावर शहर उभे राहिले ते नव्या आराखड्यांचे.

११/ ‘डब्ल्यूजीएस ८४’ हे नाव ज्या वर्षावरून पडले, त्याच १९८४ च्या जानेवारीत मोबदल्यासाठी दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली लढणाऱ्या शेतकऱ्यांवर उरण तालुक्यात गोळीबार झाला आणि पाच जण हुतात्मा झाले. जगाला एक समान माप मिळत होते, तेव्हा या भागातला शेतकरी आपल्या गुंठ्यांच्या हक्कासाठी रस्त्यावर होता. विकसित भूखंडांची साडेबारा टक्के योजना या लढ्यातून पुढे आली.

१२/ भराव पडला आणि रस्ते झाले की बांध व दगड नाहीसे होतात. टिपणातील अंतरे कागदावर उरतात, पण ती जेथून मोजली ती खूण जमिनीवर सापडत नाही. आता राज्यात उपग्रहाधारित रोव्हरने मोजणी होते. जुने टिपण या नव्या आकड्यांत बसवायचे, तर दोन्ही ठरावांत ओळखू येतील अशा जुन्या खुणा आधी शोधाव्या लागतात.

१३/ २००५ च्या राष्ट्रीय नकाशा धोरणानुसार नागरी वापराचे नकाशे ‘डब्ल्यूजीएस ८४’ वर आले. त्यांत कळंबोली ४३ व्या पट्ट्यात, म्हणजे ७२ ते ७८ अंश पूर्व रेखांशांच्या दरम्यान मोडते.

१४/ एखाद्या गडाचे, वाड्याचे किंवा बुजलेल्या तळ्याचे स्थान जुन्या पत्रकावरून मोबाइलवर शोधताना प्रथम पत्रकाचा समास वाचावा. तेथे एव्हरेस्टचे नाव असेल, तर आकडे रूपांतरित केल्याशिवाय वापरू नयेत. नाहीतर तळे शेजारच्या शेतात सापडेल, आणि त्या शेताचा सातबारा दुसऱ्याच कोणाच्या नावावर असेल.